टायब्रेकरला सुळी कशाला?

जानेवारी २०२६च्या पहिल्या शनिवारी टॅम्पा बे बकनिअर्सनी घरच्या मैदानावर कॅरोलायना पँथर्सना १६-१४ असं हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफचं तिकीट मिळालं ते पँथर्सना. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 'एनएफसी साउथ' नावाची चार संघांची डिव्हिजन आहे. तिच्यातले टॅम्पा, कॅरोलायना आणि अटलांटा फाल्कन्स हे तिघेही ८ विजय आणि ९ पराभवांवर येऊन थांबले. शनिवारचा सामना संपला तेव्हा हिशेब असा उरला होता: रविवारी अटलांटा न्यू ऑर्लीन्सकडून हरला तर टॅम्पा पुढे, जिंकला तर कॅरोलायना. अटलांटा १९-१७ असा जिंकला. या विजयातून अटलांटाच्या पदरात काहीच पडणार नव्हतं, कारण तो आधीच शर्यतीबाहेर होता. पण त्याच्या जिंकण्यानं आदल्या दिवशी जिंकलेला टॅम्पा बाहेर गेला आणि हरलेला कॅरोलायना आत आला.

लगेच टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरी झाली तर कोण पुढे हे ठरवणाऱ्या नियमांवर, तुटून पडणं सुरू झालं. कुणी म्हणालं, हे नियम म्हणजे निव्वळ लॉटरी आहे. कुणी म्हणालं, सरळ गुणांचा फरक धरा, म्हणजे गोंधळच नको. कुणाला जुन्या काळासारखा एक जादा सामना हवा होता. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही हाच सूर होता, आणि आयपीएलच्या नेट रन रेटची सवय असलेल्यांना तर 'फरक मोजा' हा उपाय अगदीच उघड वाटतो. मला हा सगळा रोख चुकीचा वाटतो. एनएफएलच्या टायब्रेकरची उतरंड मुळात योग्य आहे. आपापसातला निकाल सर्वांत वर आणि गुणांचा फरक जवळजवळ तळाला, हा क्रम तर जपून ठेवण्यासारखा आहे. अन्याय होतो तो दुसरीकडे: एकमेकांत गुंतलेले निर्णायक सामने वेगवेगळ्या वेळी खेळवले जातात, तिथे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आपण वेळ घालवतो आहोत.

ही उतरंड अशी का आहे, हे लीगची रचना पाहिली की कळतं. ३२ संघ, प्रत्येकाला सतरा सामने. डिव्हिजनमधल्या तिघांशी दोन-दोनदा खेळायचं, बाकीचे अकरा सामने अकरा वेगळ्या संघांशी. म्हणजे कोणताही संघ मोसमात फक्त चौदा प्रतिस्पर्ध्यांना भेटतो. सतरा संघांचं तर तो तोंडही पाहत नाही. अशा लीगमध्ये दोन संघांची तुलना करायची तर आधी तुलना करण्याजोगं काय आहे ते शोधावं लागतं. म्हणून डिव्हिजनमध्ये बरोबरी झाली की प्रथम आपापसातले निकाल बघतात, मग डिव्हिजनमधली कामगिरी, मग समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, मग कॉन्फरन्समधली, म्हणजे लीगच्या दोन अर्ध्यांपैकी आपल्या अर्ध्यातली. एका डिव्हिजनमधल्या दोन संघांचे सतरापैकी चौदा सामने सारख्याच वेळापत्रकातले असतात, त्यामुळे तिसऱ्या पायरीलाही भक्कम अर्थ आहे. पाचवी पायरी 'विजयांच्या वजनाची': ज्यांना हरवलं त्या संघांनी मोसमात किती जिंकलं? सहावी, एकूण वेळापत्रक किती कठीण होतं त्याची. गुण किती केले आणि किती दिले हा हिशेब त्याच्याही खाली येतो, आणि अगदी शेवटी नाणेफेक. वरच्या सहाही पायऱ्यांवर प्रश्न एकच आहे: कोण कुणाला हरवून आलं?

आता विरोधकांच्या भक्कम मुद्द्यांकडे वळतो. पहिला, जादा सामन्याचा. दोघे बरोबरीत आहेत ना, मग मैदानात उतरवा आणि लावा निकाल. यात एक स्वच्छ न्याय आहे हे मान्यच करायला हवं. १९६६पर्यंत एनएफएलमध्ये हीच पद्धत होती. १९४१मध्ये शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स १० विजय, १ पराभव अशा बरोबरीत आले, तेव्हा जादा सामना झाला आणि बेअर्सनी तो ३३-१४ असा जिंकला. त्या मोसमात दोघांनी एकमेकांना एकेकदा हरवलं होतं, त्यामुळे तिसरा सामना शोभला. पण १९६५चं काय? पॅकर्स आणि बाल्टिमोर कोल्ट्स पुन्हा बरोबरीत. पॅकर्सनी त्या मोसमात कोल्ट्सना दोनदा हरवलं होतं, एकदा २०-१७ आणि एकदा ४२-२७. तरी २६ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये तिसऱ्यांदा सामना लावला गेला. कोल्ट्सचे दोन्ही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाच्या चाली चालवणारे खेळाडू, जायबंदी होते, म्हणून टॉम मॅटी या हाफबॅकला ती जबाबदारी घ्यावी लागली, आणि त्या अवस्थेतही कोल्ट्स मध्यंतराला १०-० असे पुढे होते. अखेरच्या मिनिटांत डॉन चँडलरची बरोबरी साधणारी किक खांबांच्या आतून गेली की बाहेरून, यावर बाल्टिमोरमध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं. जादा वेळेत पॅकर्स १३-१० जिंकले. दोनदा जिंकलेल्या संघाला तिसऱ्यांदा सिद्ध करायला लावणं आणि तो निकाल एका वादग्रस्त किकवर टांगणं, याला अधिक न्याय म्हणायचं का? त्यांच्यातला प्रश्न मोसमातच सुटलेला होता. आणि आज, सतरा आठवडे शरीरं आपटून झाल्यावर दोन संघांना जादा सामना खेळवून चार दिवसांत प्लेऑफला उभं करणं खेळाडूंच्या हिताचंही नाही.

टायब्रेकर आला तो १९६७मध्ये, आणि पहिल्याच वर्षी त्यानं सगळ्यात क्रूर वाटणारा निकाल दिला. योगायोग असा की फटका पुन्हा कोल्ट्सनाच बसला. शेवटच्या सामन्याआधी ते अपराजित होते: ११ विजय, २ बरोबऱ्या. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्यांना ३४-१० हरवलं. दोन्ही संघ ११-१-२ वर आले. आधीचा त्यांचा सामना २४-२४ बरोबरीत सुटला होता, म्हणजे आपापसात रॅम्स सरस. कोल्ट्स अख्ख्या मोसमात एकदाच हरले आणि घरी बसले. हे ऐकून कुणालाही चीड येईल, मलाही येते. पण दोष कुणाचा? त्या वर्षी सोळा संघांतून फक्त चार डिव्हिजन-विजेते पुढे जात होते, आणि लीगमधले दोन उत्तम संघ एकाच डिव्हिजनमध्ये होते. त्यांतला कोण आधी, याचं उत्तर टायब्रेकरनं बरोबरच दिलं; त्या दोघांच्या सामन्यांकडे पाहणारा कुणीही तेच देईल. दुसऱ्यासाठी जागाच ठेवली नव्हती हे लीगच्या रचनेचं पाप. १९७०पासून वाइल्डकार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकणाऱ्या चांगल्या संघासाठीची जागा, आलं आणि ते दुरुस्त झालं. २००८मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स ११-५ असूनही बाहेर राहिले आणि ८-८ वाले सॅन डिएगो चार्जर्स आत गेले, तेव्हाही आरडाओरडा टायब्रेकरविरुद्धच झाला. पण ८-८ ला जागा दिली ती डिव्हिजन-विजेत्याच्या हमखास प्रवेशानं. तो प्रश्न वेगळा आणि खरा आहे, त्यावर स्वतंत्रपणे भांडायला मी तयार आहे. टायब्रेकरच्या माथी तो मारू नये, एवढंच इथे सांगायचं.

गुणांच्या फरकाचा मुद्दा मात्र जास्त वजनदार आहे. आकडेतज्ज्ञ सांगतात की एखादा संघ पुढे कसा खेळेल याचा अंदाज त्याच्या जय-पराजयापेक्षा गुणांच्या फरकावरून अधिक चांगला बांधता येतो. हे खरं आहे. एका गुणानं जिंकलेले पाच सामने आणि वीस गुणांनी जिंकलेले पाच सामने, यांतून दोन वेगळ्या ताकदीचे संघ दिसतात. पण प्लेऑफची जागा ही उद्याच्या ताकदीच्या अंदाजासाठी दिलेली शिष्यवृत्ती आहे, की कालपर्यंत जे मिळवलं त्याचा मोबदला? मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिवाय वेळापत्रकं असमान असताना दुबळ्या संघाविरुद्ध केलेले ४५ गुण आणि तगड्या संघाविरुद्ध केलेले २० गुण एकाच तराजूत कसे घालणार? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाशी घरी आणि बाहेर खेळतो, तिथे गोलफरक चालतो. इथे तो पाया नाही.

त्याहून मोठा धोका असा की फरक मोजायला लागलात की सामन्याचं उद्दिष्टच बदलतं. १९९९च्या मोसमाचा शेवटचा रविवार, २ जानेवारी २०००, हा या बाबतीत पाठ्यपुस्तकात घालण्यासारखा आहे. तेव्हा कॉन्फरन्समधल्या सामन्यांतला गुणांचा फरक टायब्रेकरच्या उतरंडीत बराच वर होता. ग्रीन बे आणि कॅरोलायना यांच्यात वाइल्डकार्डच्या जागेसाठी त्यावरच स्पर्धा होती. दोघं वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या संघांशी खेळत होते आणि खरं तर एकमेकांच्या फलकाशी खेळत होते. सामना हातात आल्यावरही दोघं गुण चढवत राहिले. पॅकर्सनी ॲरिझोनाला ४९-२४ चेचलं, पँथर्सनी न्यू ऑर्लीन्सला ४५-१३. आणि मग डॅलस काउबॉइजनी न्यूयॉर्क जायंट्सना हरवून ती जागा स्वतःच घेतली; दोघांचाही सारा आटापिटा वाया. जिंकलेल्या सामन्यात मुख्य खेळाडूंना बाकावर बसवावं हे शहाणपण अशा नियमात परवडत नाही. ज्या खेळात एका टॅकलनं गुडघा कायमचा जाऊ शकतो, तिथे नियमानंच अनावश्यक मारामारीला बक्षीस द्यावं? २००२मध्ये लीगची आठ डिव्हिजनमध्ये फेरमांडणी झाली आणि आजच्या क्रमात 'विजयांचं वजन' गुणांच्या वर आहे, याचं मला समाधान वाटतं.

आपल्याला हे नवं नाही. १८ मे २०२४ला बंगळुरूत चेन्नईला जिंकायला २१९ हव्या होत्या, पण प्लेऑफसाठी २०१ पुरेशा होत्या. शेवटच्या षटकात चेन्नईला सतरा धावा हव्या होत्या, त्या पात्रतेसाठी. सामना तर हातातून गेलाच होता. धोनीनं पहिल्या चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्यावर तो बाद झाला, आणि मैदानातली दोन्ही बाजूंची मंडळी विजयाच्या आकड्याकडे नव्हे तर त्या दुसऱ्याच आकड्याकडे बघत होती. थरार होता, यात वाद नाही. पण सामन्याच्या आत दुसरा सामना शिरला की पहिल्याचं काय उरतं? २०१९च्या विश्वचषकात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे ११ गुण, दोघांचे पाच विजय. पाकिस्ताननं एजबॅस्टनवर न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलं होतं. उपांत्य फेरीत गेला न्यूझीलंड, कारण नेट रन रेट. पाकिस्तानला वेस्ट इंडीजविरुद्ध १०५ धावांत गुंडाळलं गेल्याची एक दुपार समोरासमोरच्या विजयापेक्षा भारी ठरली. पुढे त्याच न्यूझीलंडनं भारताला बाहेर काढलं, म्हणून आपल्याकडे त्याची चर्चा वेगळ्या अंगानं झाली, पण नियमाचा प्रश्न तसाच राहिला.

'नियम आधीच जाहीर होता ना, मग तक्रार कसली?' असंही कुणी म्हणतं. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चौकार-षटकारांची मोजदाद करून इंग्लंडला विजेता ठरवलं गेलं, २६ विरुद्ध १७. तोही नियम आधी जाहीर होता. तरी तो जगाला पटला नाही आणि काही महिन्यांतच आयसीसीनं तो काढून टाकला, कारण चौकार मोजणं हा क्रिकेट जिंकण्याचा अर्थच नव्हे. टायब्रेकर आधी जाहीर असणं गरजेचं आहेच. शिवाय तो खेळाच्या गाभ्यातूनच यायला हवा.

आता टॅम्पाचं दुःख. तिसऱ्याच्या निकालानं दोघांचा क्रम उलटावा, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मतदानाच्या अभ्यासकांना याच जातीची अडचण ठाऊक आहे. फ्रान्सच्या काँदोर्सेनं १७८५मध्ये दाखवलं होतं की तिघांमध्ये अ हा ब ला, ब हा क ला आणि क पुन्हा अ ला हरवू शकतो, आणि मग कोणतीही क्रमवारी कुणावर तरी अन्याय केल्यासारखी दिसते. फुटबॉल त्यातून कसा सुटेल? पण निव्वळ 'अडचण अटळ आहे' म्हणून मी हात झटकत नाही. तिघांच्या आपापसातल्या सामन्यांत काय घडलं ते बघा. कॅरोलायनानं अटलांटाला दोन्ही वेळा हरवलं, एकदा तर ३०-० असं. टॅम्पानं अटलांटाला एकदा हरवलं, पण डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर त्याच अटलांटाकडून २९-२८ असा पराभव पत्करला. टॅम्पा-कॅरोलायना एकेक. म्हणजे कॅरोलायना ३-१, टॅम्पा २-२, अटलांटा १-३. तिघं एकाच पायरीवर उभे असतील तर तिघांमधले सामने मोजायचे, यात कोणती लॉटरी? टॅम्पा बाहेर गेला तो स्वतः एका गुणानं घालवलेल्या सामन्यामुळे.

'विजयांच्या वजना'बाबत मी थोडी माघार घेतो. २०२४मध्ये रॅम्स आणि सिॲटल सीहॉक्स १०-७ वर बरोबरीत होते. पहिल्या चारही पायऱ्यांवर फरक निघाला नाही आणि पाचवीनं रॅम्सना डिव्हिजन दिली. ते विजेतेपद पक्कं झालं ते वॉशिंग्टननं अटलांटाला हरवलं तेव्हा. सिॲटलनं आधी अटलांटाला नमवलं होतं, आता अटलांटाच्या पराभवानं सिॲटलच्या त्या जुन्या विजयाचं वजन घटलं. खेळाडू हॉटेलात टीव्हीपुढे बसून असा निकाल बघतात तेव्हा त्यांना तो आपला वाटत नाही, हे मी समजू शकतो. २०१०मध्ये ग्रीन बे, जायंट्स आणि टॅम्पा हे तिघे १०-६ वर असताना याच निकषावर पॅकर्स आत गेले आणि पुढे सुपर बोल जिंकले. ते जिंकले म्हणून निकष खरा ठरला, असं मी म्हणणार नाही. बाहेर राहिलेल्या दोघांना संधीच मिळाली नव्हती. पण एक गुण या निकषात नक्की आहे: तो कुणाला फुगवता येत नाही. ४९ गुण चढवून त्यात रतीभरही भर पडत नाही. ज्याला हरवायचं त्याला हरवा, बाकी त्याचं नशीब.

मग चूक कुठे? अटलांटाकडे पुन्हा बघा. रविवारी मैदानात उतरताना त्यांना पक्कं ठाऊक होतं की जिंकलो तर कॅरोलायना, हरलो तर टॅम्पा. शर्यतीबाहेर पडलेल्या संघाच्या हाती दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाला निवडण्याची सत्ता वेळापत्रकानं दिली होती. शिवाय हरण्याचा मोहही त्यांना नव्हता, कारण त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला, जिथे जास्त हरणाऱ्या संघाला आधी निवड मिळते) पहिल्या फेरीचा हक्क त्यांनी आधीच रॅम्सना देऊन टाकला होता. तो हक्क हातात असता तर? ते तरीही इमानदारीनं खेळले असते, असं मी मानतो. पण नियमांची मांडणी माणसांच्या इमानदारीवर उधारीनं चालवायची नसते. दोन्ही सामने शनिवारीच, एकाच वेळी सुरू झाले असते तर आपल्या विजयाचा फायदा कुणाला, हे अटलांटाला अखेरपर्यंत कळलं नसतं, आणि तेच हवं.

असे प्रसंग दरवर्षी कुठे ना कुठे येतात. ८ जानेवारी २०२३ला डेट्रॉइट लायन्स रात्री ग्रीन बेशी खेळणार होते. त्या दुपारी सिॲटलनं रॅम्सना जादा वेळेत १९-१६ हरवलं आणि डेट्रॉइट किकऑफच्या आधीच संपला, कारण ऑक्टोबरमध्ये सिॲटलनं त्यांना ४८-४५ हरवलेलं होतं. टायब्रेकर निर्दोष होता. पण ग्रीन बेपुढे उभा राहिला तो ज्याला काहीच मिळवायचं नाही असा संघ. लायन्स जिद्दीनं २०-१६ जिंकले आणि पॅकर्सनाही घेऊन बुडाले. ते ढिले खेळले असते तर सिॲटलचं तिकीट पॅकर्सना मिळालं असतं. त्याच्या आदल्या वर्षी लास वेगासमध्ये रेडर्स आणि चार्जर्स यांना खेळायला लागण्याआधीच कळलं होतं की इंडियानापोलिस हरला आहे आणि आता बरोबरी झाली तर दोघंही आत, पिट्सबर्ग बाहेर. जादा वेळेत ३२-३२ असताना घड्याळ पळत होतं. अडतीस सेकंद असताना चार्जर्सच्या प्रशिक्षकांनी टाइमआउट घेतला, त्यानंतरच्या धावेत रेडर्सनी दहा यार्ड काढले, आणि डॅनियल कार्लसनच्या ४७ यार्डांच्या किकनं सामना ३५-३२ सुटला. पिट्सबर्गच्या मोसमाचं भवितव्य दुसऱ्या दोघांच्या समजुतीवर लटकलं होतं. आणि जानेवारी २०२१मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी, तीन गुणांनी मागे असताना, जेलन हर्ट्सला काढून तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक उतरवला. वॉशिंग्टन २०-१४ जिंकला, ७-९ वर डिव्हिजन घेऊन गेला, आणि दुपारी आपला सामना जिंकून बसलेले जायंट्स घरी टीव्हीपुढे तळमळत राहिले. राखीव खेळाडूला संधी द्यायची होती, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. तसं असेलही. पण त्या पराभवानं ईगल्सचा ड्राफ्टमधला क्रमांक वर सरकला, आणि जायंट्सच्या चाहत्यांच्या मनातली शंका कोण काढणार?

फुटबॉलच्या दुसऱ्या जगानं, म्हणजे सॉकरनं, हा धडा १९८२च्या विश्वचषकात घेतला. स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया भिडले तेव्हा अल्जीरियाचे सामने संपलेले होते. जर्मनीनं एक किंवा दोन गोलांनी जिंकलं तर दोघं पुढे, हे दोघांना माहीत होतं. जर्मनीचा गोल पहिल्या दहा मिनिटांतच झाला. उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे सरकवत काढला आणि जर्मनीला २-१ हरवलेला अल्जीरिया गोलफरकावर घरी गेला. फिफानं त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी ठेवायला सुरुवात केली.

एनएफएलची अडचण टीव्हीची आहे, हे उघड आहे. शनिवारचे दोन सामने, रविवारी रात्रीचा एक खास सामना, हे सगळं विकलं जातं. २०२३पासूनचे अकरा वर्षांचे करार सुमारे ११० अब्ज डॉलरचे असल्याचं जाहीर झालं होतं. लीगला हा पैसा सोडा असं मी म्हणत नाही. सोळाही सामने एकदम लावायची गरजही नाही. ज्यांचे निकाल एकाच जागेशी बांधलेले आहेत तेवढेच सामने एका वेळी हवेत. शेवटच्या आठवड्याच्या वेळा तसंही आदल्या आठवड्यानंतरच पक्क्या होतात, त्यामुळे कोणते सामने एकमेकांत गुंतलेत हे लीगला आधी ठाऊक असतं. २०१०पासून शेवटच्या आठवड्यात फक्त डिव्हिजनमधलेच सामने लावण्याचा बदल लीगनं स्वतःहून केला, तो निर्णायक सामने जिवंत राहावेत म्हणूनच. मग पुढचं पाऊल का नाही? टॅम्पा-कॅरोलायना आणि अटलांटा-न्यू ऑर्लीन्स शनिवारी दुपारी एकत्र. डेट्रॉइट-ग्रीन बे आणि सिॲटल-रॅम्स रविवारी रात्री एकत्र, हवं तर दोन वेगळ्या वाहिन्यांवर. जाहिरातदाराला दोन जिवंत सामने मिळतील, आणि खेळाडूला आपल्या घामाची किंमत काय हे शिट्टी वाजेपर्यंत ठरलेलं नसेल.